हजेरीची कमांड

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! वृद्धाश्रमाचा कॉम्प्युटर सांभाळायचा. पगार बेताचाच, पण कर्मचाऱ्याच्या आईवडलांना खोली फुकट, म्हणून डोळे मिटून हो म्हटलं. बाबांना अकरा नंबर मिळाला. खिडकीशी खुर्ची ओढून पेपर घेऊन बसले, आणि मलाच म्हणाले, पळ आता, पहिल्या दिवशी उशीर नको. तीन नंबरच्या आजींनी हातावर चॉकलेट ठेवलं.
खोल्या अकरा, माणसं अकरा. रोज सकाळी सहाला ‘हजेरी’ नावाची कमांड आपोआप चालते आणि अकरा नावं छापते. त्यावरून आचारी ताटं लावतो. स्क्रीनवर आधीच्या माणसाने चिठ्ठी चिकटवलीय, चालतंय, हात लावू नका. वाचून खूप हसलो.

४ मार्च
हजेरीचं सॉफ्टवेअर पॅकेज जुनाट होतं, अपग्रेड केलं. डिस्कवर जागा नव्हती म्हणून जुनं पुसलं. ‘हजेरी’ टाकली तर स्क्रीनवर उत्तर आलं, कमांड सापडत नाही. ती नव्या फोल्डरात गेली होती. पत्ता सुधारला, चालली, पण दहाच नावं. पहिलं गळलं. सेटिंग बदलून पुन्हा चालवली, नऊ. आमच्या धंद्यात पहिला उपाय हाच, पुन्हा चालवून बघा. अशी एकूण पाच वेळा चालवली. सहा नावं उरली. वैतागून उठलो.

५ मार्च
सकाळी सहाला छापलेल्या यादीत पाचच नावं. आचाऱ्याने पाचच ताटं लावलेली. मी तडकलो, बाकीच्यांना उपाशी ठेवणार का? तो म्हणाला, बाकीचे कोण?
एक ते सहा खोल्या उघडल्या. गाद्या गुंडाळलेल्या, भिंतीला खिळासुद्धा नाही. सिस्टर म्हणाल्या, इथे कधी कुणी राहिलंच नाही. मग माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.
कमांड एकदा चालली की एक माणूस नाहीसा. पाच मी घालवले, सहावा आज सकाळी आपोआप गेला.

६ मार्च
चार. आपोआप चालणं थांबवायला गेलो, तर थांबवायची कमांडही सापडत नाही. जुनं पॅकेज असतं तर दोन मिनिटांत मागे फिरलो असतो. ते मीच पुसलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
रडू यायला हवं. येत नाही. जेवलो, ताट घासलं.

७ मार्च
तीन. मशीनची वायर उपटली.
खिशात चॉकलेटचा चंदेरी कागद सापडला. कुणी दिलं होतं, आठवत नाही.

८ मार्च
वायर माझ्या हातात, आणि सहाला प्रिंटर चालला. दोन.
बाबांना माझ्या खोलीवर आणलं. त्यांना काही सांगितलं नाही. म्हणाले, नोकरी गेली तर जाऊ दे, तोंड पाडू नकोस.

९ मार्च
आश्रमात जाऊन यादी पाहिली. एकच नाव, बाबांचं.
लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. चहात दीड चमचा साखर. सायकल शिकवताना सोडतो सोडतो म्हणाले, पण मागून हात काढलाच नाही. बाबा, मला माफ—

१० मार्च
छान झोप लागली. सात वाजले.
खिडकीशी खुर्ची कुणी ठेवली? पेपर उघडाच पडलेला. दीड चमचा साखरेचा चहा, निम्मा—
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. हे बाबा कोण?
आश्रमात फोन केला. सिस्टरने ओळखलं नाही. म्हणाल्या, तुम्ही कुणाचे?
सांगणारच होतो. मी—