सरकत्या जिन्याची सुट्टी

मंगळवार, संध्याकाळ

आधी आली ती गयाच, माझी धाकटी जाऊ, आणि मागून उड्या मारत तिची नात चिमी. जालन्याहून घाटकोपरला लेकीकडे आल्यात, वाट वाकडी करून नाहूरला माझ्याकडे. इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर घातली मी.

चहा व्हायच्या आतच चिमी म्हणाली, "मोठी आजी, मॉल दाखव ना." माझीच करणी. गावाला गेले की मीच सांगायचे, आमच्या मॉलची फरशी अशी, की चपला काढाव्याशा वाटतात.

मी स्वतः कित्येक दिवसांत तिकडे फिरकले नव्हते. आणि गयाने दारात खरंच चपला काढल्या! हातात धरून अनवाणी चालली बाई. आत बघते तर दुकानांची शटरं खाली, अर्धे दिवे बंद, सरकता जिना ठप्प. चिमी पहिल्या पायरीवर उभी राहिली, जिना सरकायची वाट बघत. मला काय सुचलं कोण जाणे, बोलून गेले, "आज मंगळवार गं, जिन्याला सुट्टी असते."

वॉचमन हसला. गया हसली नाही. तिचे तळवे धुळीने काळे झाले होते. घरी येऊन घासून घासून धुतले तिने. खरं सांगायला काय जात होतं माझं? ती काय परकी आहे? ते काळे तळवे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

निघताना चिमीचा हात धरून म्हणाली, "आक्का, मग गुरुवारी येतो आम्ही. गुरुवारी चालू असतो ना जिना?"

मी हो म्हणाले. गुरुवारी येणार आहेत.