उल्काची अर्धी प्रदक्षिणा

॥ श्री ॥
स्कॉटलंड, ३ मार्च १९८७

चि. उल्का हीस शशीदादाचे अनेक आशीर्वाद.

स्टॅनमोरला घरी पोचलीस एवढंच फोनवर सांगितलंस, म्हणजे अजून रागावली आहेस. चूक माझीच. रविवारी स्की-क्लबच्या प्रथमोपचार खोपटात माझी ड्यूटी, म्हणून टेकडीभोवतीच्या पायवाटेनं तुला एकटीलाच पाठवलं. पलीकडच्या अंगाला तासाभरात भेटू म्हणालो आणि धुकं उतरलं. क्लबातले आम्ही सहाजण ओढ्यापलीकडे दोन तास तुला हाका मारत होतो आणि तू सापडलीस अलीकडे, बर्फ अडवायच्या कुंपणाशी!

तुझी नंदावहिनी गेल्यापासून तू म्हणतेस, इथे एकटा राहू नकोस, माझ्याकडे चल. आता पटलं. या टेकडीनं माझ्या तोंडचं पाणी पळवलं. घर विकायला काढतो आणि तुझ्याकडे येतो.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा शशिधर

॥ श्री ॥
स्टॅनमोर, ७ मार्च १९८७

ती. दादास उल्काचा शि. सा. नमस्कार.

राग कसला? लाज वाटत होती. हसणार नसशील तर सांगते. निम्मी वाट चालले तर माथ्यावरून येणारा ओढा आडवा आला. वर ती गोल, पांढरी टेकडी आणि तिच्यातून निघालेलं पाणी. महादेवाची पन्हळ ओलांडायची नाही, हे अंगात इतकं मुरलंय की पाय उचलेचना. पंचवीस वर्षं हॉस्पिटलात लोकांना भूल दिली, आणि मुकाट आल्या वाटेनं परत फिरले! मग धुक्यात वाटही दिसेना.

कुंपणाला पाठ लावून बसले. स्कीवाल्यांना वर ओढणाऱ्या दोराचं इंजिन थांबलं आणि इतकं शांत झालं की माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले. समोरचा बर्फ हलला. ससा होता रे, पांढराशुभ्र, फक्त कानांची टोकं काळी. मग दुसरा. सात मोजले. एक तर हातभर अंतरावर बसून अंग चाटत होता, माझी त्याला दखलच नाही. भीती वाटायला हवी होती. मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले. एवढीशी टेकडी, माणसांनी खांब ठोकून खेळायला घेतलेली, पण ती कुणाचीच नाही दादा. तू तिच्यापाशी का राहतोस ते तिथे बसल्यावर कळलं.

घर विकू नकोस. खरं सांगू? तुला न्यायला आले ते तुझ्या काळजीनं नव्हे. हे गेले, मग माझा राजीवही नोकरीसाठी रीडिंग गावी राहायला गेला. संध्याकाळ सरता सरत नाही. एकटी मी आहे.

तुझा लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
तुझी उल्का

॥ श्री ॥
स्कॉटलंड, ११ मार्च १९८७

चि. उल्का हीस आशीर्वाद.

हसलो, आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इतकी वर्षं लोकांचे मोडलेले पाय मी बसवले, आणि सख्ख्या बहिणीचं दुखणं मला दिसलं नाही.

घर विकत नाही. विकायचंच असेल तर तुझं वीक आणि इकडे ये. वहिनी गेली म्हणून माहेर बंद होत नाही.

वाट बघतो.
दादा