अमादोचा श्वास

६ जून
इलोकोसच्या किनाऱ्यावरच्या या प्रसूतिगृहात आज रुजू झाले. खोलीतून समुद्र दिसतो. जेवण झकास! शेवग्याचा पाला घातलेला कोंबडीचा रस्सा मी दोनदा मागून घेतला. इथल्या मोठ्या नर्स पुरिंग, सगळे त्यांना मानांग म्हणजे ताई म्हणतात; बडबड्या, पण मायाळू. काम सोपं: दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, आई नसलेल्या बाळांना उघड्या छातीशी कापडानं बांधून बसायचं. माझ्या वाट्याला अमादो आला. आई बाळंतपणात गेली, बाप जहाजावर. एवढासा जीव, पण छातीला लागताच मुठी सैल सोडून झोपला.

८ जून
अशी बाळं श्वास घ्यायलाच विसरतात. मानांगनी शिकवलं, तळपायाला टिचकी मारायची, की आठवतं. आज कितीदा तरी मारली. दर वेळी त्याच्याबरोबर माझाही श्वास थांबायचा. काळजीनं थांबत असेल.

१३ जून
अमादो भरतोय, गालांवर रंग आलाय. मानांगनी त्याला घेतलं म्हणून आंघोळीला गेले. अंगावर पाणी ओतलं आणि श्वास येईना. छाती हलेचना. कशीबशी दाराबाहेर येऊन कोसळले. मानांग त्याला घेऊन धावत आल्या. त्याचा हात माझ्या गळ्याला लागला, तेव्हा श्वास सुरू झाला.
मानांग हसल्या. "लग्नाआधीच आई झालीस की गं! पोराशिवाय जीव राहीना होय?"
मीही हसले. थोडंसं.

१७ जून
नोकरी सोडली. पिशवी घेऊन निघाले, ती फाटकापर्यंतच. तिथे श्वास संपला. रांगत परत आले, त्याला छातीशी धरलं, तेव्हा कुठे –
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, छाती स्वच्छ आहे.

२० जून
अमादो आता विसरत नाही. विसरते मी. डोळा लागायची भीती वाटते. तो पाय झाडतो, मग मला आठवतं.
कापड सोडायचं नाही. आंघोळ नाही.

२२ जून
डॉक्टरीणबाई खूश. बाळाला आता कुणाच्या छातीची गरज नाही म्हणाल्या. बाप न्यायला येतोय. मलाही बरोबर न्या, फुकट सांभाळीन, म्हणून गयावया केली. सगळे हसले –

२३ जून
बाप आलाय. मानांगना पुन्हा सगळं सांगितलं.
"पहिल्या बाळाला सगळ्याच रडतात गं. सोड आता."
पाठीमागे गाठ सोडतायत. एका हातानं लिहितेय. छातीला गार लागतंय. मानांग, थांबा, जरा –
अमादो बापाच्या हातात. किती छान श्वास घेतोय. मी –