खिडकीतून दिसायचं देऊळ

नागपूर, भाद्रपद शुद्ध दशमी

प्रिय गौरांग,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझं पार्सल काल पोचलं: बिस्किटांचा एक डबा, फ्रेम केलेला एक फोटो, सूनबाई मुग्धाची चिठ्ठी. जकात भरून सोडवायला सहाशे चाळीस रुपये पडले. डबा शेजारच्या कौशल्याला दिला. फोटो पालथा घालून ठेवला आहे.

त्यात मी तुमच्या विलायतेतल्या त्या देवळासमोर हात जोडून उभी आहे. तेव्हा तुझे बाबा इथे दवाखान्यात होते, जवळ एकटी कौशल्या. मी उद्याच्या उद्या निघते म्हणाले, तर तू म्हणालास, तिकीट तिप्पट झालंय, आठ दिवस थांब, इथे बगीच्यात अडीचशे वर्षांचं देऊळ आहे, तिथे नवस बोल. तिप्पट म्हटल्यावर मीही थांबले. जन्मभराची काटकसर त्या दिवशी नडली, हे कबूल करते.

निर्जळी उपास करून तिथे गेले. ओल्या गवतात बूट काढले, पाच प्रदक्षिणा घातल्या. खांब होते, घुमट होता, आत ना पिंडी ना मूर्ती, नुसती कबुतरांची घाण. वाटलं, गाभारा मागे असेल. कोराडीच्या देवीचं कुंकू पायरीवर वाहिलं. तू फोटो काढत होतास. परतताना गाडीत मुग्धा हसत म्हणाली, अहो आई, त्यात देव कधी नव्हताच, कुण्या जमीनदारानं आपल्या वाड्याच्या खिडकीतून छान दिसावं म्हणून बांधलंय. आणि तू म्हणालास, तुला बरं वाटलं ना, मग झालं.

पाचव्या दिवशी ते गेले. मी पोचले तेव्हा बैठकीत पिठावर दिवा तेवत होता, तो कौशल्यानं लावलेला. शेवटचं पाणीही तिनंच पाजलं. तुला रजा नव्हती. अग्नी तुझ्या चुलतभावानं, रोहितनं दिला.

आता सूनबाई लिहिते, वर्षश्राद्ध फोनवर करू, गुरुजी नागपुरातून मंत्र सांगतील, दिसायला सगळं नीट दिसेल. दिसायचं मी एकदा पाहून आले. पुन्हा काहून दाखवता? तिथी कार्तिक वद्य पंचमी. स्वतः येऊन पाटावर बसणार असशील तर ये, नाहीतर पिंडही रोहितच देईल, आणि मग या घरी तुझं काही काम उरणार नाही. फोन करू नकोस, उचलणार नाही. उलट टपाली कळव. आशीर्वादाची ओळ खाली कोरी सोडली आहे. उत्तर आलं की भरीन.

तुझीच,
आई