लाल गाडी, दोनच सीट

२ सप्टेंबर, सकाळ
ठरलं. बाबांची पिकअप विकायची आणि खरी गाडी घ्यायची. म्हणून ही वही. मोठे व्यवहार लिहून ठेवले की डोकं ताळ्यावर राहतं. कुणाला दाखवायची नाही.

कारण नोंदवतो. बाबा गेले, पिकअप माझ्या नावावर झाली, आणि त्या दिवसापासून मी अख्ख्या कांग गावाचा बिनपगारी नोकर झालो. शनिवारी कुणाचा तरी अंत्यविधी, रविवारी गुरांच्या तळावर पाण्याच्या टाक्या, सोमवारी कुणाची तरी मावशी दवाखान्यात. परवा एक मावशी म्हणाली, बकरी पुढे बसवते, तिला मागे वारा लागतो. बकरीला. माझ्या चेहऱ्यावर बरंच काही होतं. ती बकरीची गळ्याची दोरी नीट करत होती, तिने पाहिलं नाही.

उपाय: दोन सीटची गाडी. दोन सीटच्या गाडीसमोर नातेवाईक काय मागणार? इतकी सरळ गोष्ट या गावात माझ्याआधी कुणाला सुचली नाही, यावरूनच गावाची पातळी कळते.

२ सप्टेंबर, दुपार
सापडली. सीमेपलीकडे, जोहान्सबर्गच्या एका माणसाने ऑनलाइन विकायला लावली आहे. इटालियन. लाल. वीस वर्षांची, पण बाई असती तर वय कुणी ओळखलं नसतं. किंमत एवढी कमी की बाकीचे लोक झोपले आहेत का, असा प्रश्न पडावा. झोपलेच आहेत.

दुसरी सीट कुणाची ते लिहायची गरज नाही. सेथुन्याची. हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर असते. काल सुट्टे देताना तिने विचारलं, पिकअप चांगली चालते ना अजून. पोरी असं उगाच विचारत नाहीत.

३ सप्टेंबर
फोटो तपासले. मी माउनच्या लॉजवर एक अख्खा सीझन पर्यटकांच्या गाड्या धुतल्या आहेत, मला गाडीतलं कळतं. निष्कर्ष:

टायर बसलेले. म्हणजे गाडी आरामात ठेवली, रगडली नाही.

डाव्या बाजूचा फोटो नाही. उजवीचा आहे. दोन्ही बाजू सारख्याच असतात.

एक दार बाकीच्या गाडीपेक्षा किंचित नारिंगी. ऊन.

फार कमी चाललेली. मालकाचं तिच्यावर प्रेम होतं.

ऑनलाइन एक शहाणा लिहितो की अशी गाडी न पाहता घेऊ नये, आधी माणूस पाठवून तपासून घ्यावी. ज्यांना स्वतःची नजर नाही त्यांच्यासाठी ठीक आहे. तरीही जोहान्सबर्गला लेबांग आहे, माझा चुलतभाऊ, तिथे वॉचमन. त्याला उद्या फोन करायचा.

४ सप्टेंबर, सकाळ
फसवणूक. पुढचं झाकण उघडलेला फोटो नीट मोठा करून पाहिला. आत इंजिन नाही. नुसता गालिचा. त्या माणसाला खरमरीत मेसेज टाकला की कांगच्या माणसाला मूर्ख समजू नकोस. पंपावर सगळ्यांना फोटो दाखवला. ट्रकवाले खूप हसले, त्या विक्रेत्याला.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
उत्तर आलं. अशा गाड्यांचं इंजिन मागे असतं. अर्थातच. मी त्याची परीक्षा घेत होतो, तो पास झाला. पाठोपाठ त्याने मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. सुरुवातीचं ऐकलं, नमस्कार, घरचे कसे आहेत, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. आवाज प्रामाणिक. बाकीचं ऐकायची गरज वाटली नाही. माणूस ओळखायला मला एवढं पुरतं.

लेबांगला फोन राहिला. पंपावरून येताना एक जण शहामृगाची अंडी विकत होता, त्याच्याशी त्या धंद्याबद्दल बोलत बसलो. धंदा वाईट नाही. नंतर बघू.

५ सप्टेंबर, रविवार
घरी सांगितलं. अंगणात मोलेफी मामाही होता, आईचा भाऊ. आमच्याकडे त्याला विचारल्याशिवाय कोंबडीसुद्धा विकता येत नाही. फोटो दाखवले. इंजिन मागे असतं हेही समजावून सांगितलं. मामाने फोन उलटा करून पाहिला, सरळ करून पाहिला आणि विचारलं, यात बसतात किती. मी म्हटलं, दोन.

"मग तिसरा मेला तर त्याला कोण नेणार, भाच्या?"

शेजारचेही हसले, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं. आईने एकच विचारलं, तळावर पाणी कोण नेणार, तिथली विहीर आटली आहे आणि गुरं वाट बघतात. मी सांगितलं की मोठा निर्णय घेताना असे किरकोळ प्रश्न आड आणू नयेत. आई म्हणाली, बरं, मग गुरांना तसं सांगते. आणि आत गेली. आईचं हेच वाईट आहे, वादच घालत नाही.

मामा जाताना म्हणाला की पिकअप बाबांनी माझ्या नावावर केली आहे, तो अडवणार नाही. म्हणजे पटलं त्याला.

९ सप्टेंबर
लेबांगला फोन: उद्या.
आज इटालियन शिकायला घेतलं, मोबाइलवर. गाडीला आपली भाषा कळायला वेळ लागेल, आपण तिच्याकडे एक पाऊल टाकावं. 'सुप्रभात'पर्यंत आलो.

११ सप्टेंबर, शनिवार
पहाटेपासून अंत्यविधीच्या फेऱ्या. पाच वेळा गेलो-आलो. उपकाराची जाणीव कुणालाच नाही. शेवटच्या फेरीत मेलेल्याच्या बायकोने माझा हात धरला, पण ती सगळ्यांचेच धरत होती.

येताना वाळूकडे नीट पाहिलं. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सगळी वाळू, पिकअपसुद्धा पोटावर येते. लाल गाडीचं पोट जमिनीपासून माझ्या चपलेएवढ्या उंचीवर आहे, फोटोवर चप्पल धरून मोजलं. अडचण वाटली, पण थोडाच वेळ. गाडी पंपावरच ठेवायची. घरून चालत जायचं, पंपावर गाडीत बसायचं. सेथुन्या तिथेच असते. सगळं कसं जुळून येतं.

१३ सप्टेंबर
विक्रेत्याने कळवलं की झांबियातला कोणीतरी गाडी मागतो आहे. झांबियावाल्याला काय कळतं गाडीतलं. घाई केली पाहिजे.

१४ सप्टेंबर
पिकअप विकली. घेतली कुणी? सेथुन्याने. पंपावरच्या बायकांची भिशी आहे, ती तिची लागली, वर तिच्या मावशीने भर घातली. तिने बॉनेट उघडलं, खाली आडवी होऊन पाहिलं, तळापर्यंत चालवून आणली, एक चाक कुरकुरतं म्हणून किंमत पाडली. मी मनात म्हटलं, काय हा संशयी स्वभाव. पण कारण कळलं आणि बरं वाटलं: माझी गाडी परक्या हाती जाऊ नये म्हणून धडपडते आहे बिचारी. बोलून दाखवलं नाही. ती म्हणाली, नोकरी सोडून भाड्याने माल नेणार आहे. बायकांना असं काहीतरी वरवरचं कारण लागतं.

पैसे लगेच जोहान्सबर्गला पाठवले. सगळे. झांबियावाला बसला बोंबलत.

१८ सप्टेंबर, शनिवार
शांतता. कुणी आलं नाही. हेच हवं होतं.

दुपारी अंगणात बसून होतो. पिकअप गेली समोरून, खचाखच, वर गाणी चाललेली. मामा पुढे बसला होता, हात खिडकीबाहेर. सेथुन्याने हॉर्न दिला. मी हात वर केला, पण हॉर्न आडव्या आलेल्या गाढवाला होता.

जेवण गार. आई त्यांच्याबरोबर गेली होती.

२१ सप्टेंबर
लेबांग शेवटी स्वतःच जाऊन आला, आईने सांगितलं म्हणे त्याला. मला न विचारता. तिथूनच फोन केला. म्हणाला, मोआगी, गाडी सुंदर आहे, पण इंजिन नाही. मी शांतपणे सांगितलं की तू वॉचमन आहेस, फाटक सांभाळ. या गाड्यांचं इंजिन मागे असतं.

"मागेच उभा आहे," लेबांग म्हणाला. "इथे मांजर आहे. पिल्लं आहेत तिची."

मी म्हटलं, पिल्लांच्या खाली बघ. त्याने बघितलं. खाली जमीन होती.

मग विक्रेत्याला फोन दिला त्याने. तो माणूस चिडलासुद्धा नाही. इंजिन आधीच विकलं, म्हणून तर इतकी स्वस्त, हे मी पहिल्याच दिवशी बोलून पाठवलं होतं ना, म्हणाला. मेसेज आत्ता पूर्ण ऐकला. पावसाची चौकशी संपली की लगेच तेच आहे, दोनदा, सावकाश, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. पैसे परत मिळणार नाहीत. गाडी माझी आहे, केव्हाही घेऊन जा, मांजरीला मात्र महिनाभर हलवू नका.

प्रामाणिक आहे हे मी म्हटलंच होतं.

२२ सप्टेंबर
विचारांती: मुख्य भाग बॉडी. इंजिन काय, कुणीही बसवतं. लोक चांगलं इंजिन आणि फालतू बॉडी घेऊन जन्मभर फिरतात. मी उलट केलं. ट्रकवाल्यांना हे समजावलं. आज ते विक्रेत्याला हसत नव्हते.

आता फक्त गाडी इकडे आणायची. ट्रेलर मिळतो. ट्रेलर ओढायला एक पिकअप लागेल.

२४ सप्टेंबर
सेथुन्याकडे गेलो. अंगणात माणसं होती, प्रत्येकाला पिकअप हवी होती. मी बाजूला बोलू म्हटलं, ती म्हणाली इथेच बोल, टाक्या भरते आहे. सांगितलं. दुसरी सीट तिच्यासाठी ठेवली आहे, हेही सांगितलं. सगळ्यांसमोर सांगावं लागलं.

तिने नळ बंद केला.

"चालत नाही ना ती?"

आत्ता नाही, म्हटलं.

"मग सीट कसली, मोआगी. खुर्ची झाली ती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग तिने वार सांगितले: शनिवार अंत्यविधी, रविवार लग्नाची लाकडं, सोमवारी शाळेची बाकं. जोहान्सबर्ग लांब आहे, नोव्हेंबरात बघू. आणि आज आधी तुझ्या आईचं पाणी, गुरं काल दिवसभर तहानलेली उभी होती.

मी विचारलं, आईकडून पैसे घेतेस का. म्हणाली, वासरू ठरलं आहे. चांगलं कुठलं ते मला माहीत होतं. तेच.

टाक्या मी उचलून दिल्या. ती एकटीच भरत होती म्हणून.

३० सप्टेंबर
आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. मैदानावर गेलो नाही. गर्दीत मला बरं वाटत नाही. सगळे पिकअपमधून गेले, आधी माझ्या दारासमोर जरा थांबले होते. मी बाहेर यायला वेळ लावला. किती वेळ थांबतात ते बघायचं होतं.

फार नाही थांबले.

निश्चय: ऑक्टोबरपासून शहामृगाची अंडी.

९ ऑक्टोबर, शनिवार
मामाच्या शेजाऱ्याचा अंत्यविधी, पलीकडच्या गावात. पिकअपमधून गेलो. तात्पुरतं. पुढे म्हातारी मंडळी, मी मागे. सेथुन्या म्हणाली, बसतोस तर काहीतरी धर, मोकळ्या हाताचा माणूस मागे बसवत नाही मी. तीन पायांचा लोखंडी हंडा दिला मांडीवर.

तिथे पुरुषांबरोबर जेवणासाठी हंड्यात शिजलेलं मांस कुटलं. येताना हंडा रिकामा होता, पण अजून गरम. वाळूत दोनदा उतरून ढकलावं लागलं. चाक अजून कुरकुरतं, मी ओरडून सांगितलं तिला, पण वाऱ्यात ऐकू गेलं नाही.

उद्या पाणी. पहाटे ये म्हणाली आहे.