रिकामी खाच

प्रिय भिंगरी,

तुझा लॅपटॉप सुरू झाला. ही बातमी आधी सांगून टाकते, बाकीचं पुराण मागाहून. नाहीतर तू म्हणशील, गाडी सुटली तरी आत्याचं निरोप घेणं संपत नाही. फोन केला नाही, कारण फोनवर तू "आत्या, नंतर बोलू गं" म्हणतेस आणि ते नंतर काही उगवत नाही. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही.

गेल्या महिन्यात तू तो बॅगेसकट माझ्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, मेलाय हा, भंगारात टाक. मी विचारलं, अगं, आणि त्यातल्या जबान्या? त्याही गेल्या, असं म्हणून तू चपला घालायला लागलीस. दोन वर्षं दर रविवारी तू आमच्या शिवणखात्यातल्या बायकांच्या घरी जायचीस. सुई बोटातून कशी आरपार गेली ते एकेकीला विचारून टिपून घ्यायचीस. सत्तावीस जणी. कुणाचं नख गेलं, कुणाची तर्जनी अजून वाकत नाही. मालकांचं म्हणणं असं, की सुईपुढे बोट अडवणारी जाळी मशीनला होती, ती बायकांनीच काढून टाकली. पुढच्या बुधवारी कोर्टात सुनावणी. जबान्यांशिवाय तिथे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

जबान्या गेल्याचं कळलं तेव्हा काजवाली माझ्या दारात आली. तिचं खरं नाव आता तिलाही आठवत नसेल, जन्मभर बटणांची काजं केली बिचारीनं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, तुझी भाची शिकलेली, आम्ही पडलो अंगठेबहाद्दर. शिकलेल्यांची मशीनंसुद्धा वेळ बघून मरतात गं बाई. मी तिच्याशी कडाकडा भांडले. माझ्या भिंगरीबद्दल एक शब्द बोलशील तर याद राख, म्हणाले. ती गेली आणि मी लॅपटॉप काखोटीला मारून नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे निघाले.

त्या शहाण्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं बसल्या जागेवरून म्हणाला, आजी, याचा मदरबोर्ड गेलाय, वय झालंय याचं. मी म्हटलं, वय माझंही झालंय, मला अजून कुणी भंगारात घातलं नाही. लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

तुला माहीतच आहे, मी चौथी पास. पण एकतीस वर्षं त्या शिवणखात्यात मशीनं दुरुस्त केली, आणि तीही कुणी न शिकवता, उघडून बघून बघून. बंद मशीनपुढे बसलं की आधी वीज बघायची, मग पट्टा, मग सुई. शिवणारीची चूक सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक शेवटापासून सुरुवात करतात, म्हणून त्यांना घोडं कुठे पेंड खातंय ते सापडत नाही. मी आधी त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावला. लागला. मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा चार्जर आणला, त्याच्यावरचे आकडे तुझ्या चार्जरशी ताडून पाहिले आणि लावला. लॅपटॉपचा लुकलुकणारा दिवा लागला, आत पंखा फिरला, पडदा मात्र काळा ठिक्कर. बॅटरी काढून बटण दाबून धरलं, तीस आकडे मोजले, परत बसवली. तेच. पडद्यावर टॉर्च धरला, न जाणो उजेडच गेला असेल. आत काहीच नाही. मास्तरीणबाईंच्या टीव्हीला वायरने जोडून पाहिला, तोही मख्ख. बाई म्हणाल्या, सोडा हो आता. मी म्हटलं, सोडायला मी धरलंय कुठे, त्यानंच मला धरलंय.

मग कान लावला. मशीन बिघडलं की बोलतं, हे मला कुणी सांगायला नको. पिक, पिक, पिक. थांबलं. परत तीनदा. बाईंनी मोबाईलवर शोधलं तर निघालं, या बनावटीत तीन आवाज म्हणजे मेमरी सापडत नाही.

वायर काढली, बॅटरी काढली, नळाला हात लावून अंगातली वीज घालवली (हे बाईंनी वाचून दाखवलं), आणि माझ्या जुन्या बारीक पेचकसानं उघडायला घेतलं. अकरा स्क्रू, काही लांब, काही आखूड. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवला. आत बघते तर मेमरीच्या पट्टीची खाच रिकामी. दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघड्या, आजूबाजूला धुळीचा थर, आणि खाच तेवढी लख्ख.

भिंगरी, पट्टी खराब होते, जळते. पण अकरा स्क्रू परत जागच्या जागी लावून ती स्वतः चालत बाहेर जात नाही.

आमच्या खात्यात एक रीत होती. एखादीच्या अंगात ताप असला, पाळीचा दिवस असला, आणि सुपरवायझर उठू देत नसला, की ती हळूच खालची बॉबिनची डबी काढून ओच्यात टाकायची आणि हात वर करायची, मशीन बंद. मग मी जायची. डबी नाही हे मला पहिल्या क्षणाला दिसायचं. तरी मी पंधरा मिनिटं खाली बसून उगीच ठोकाठोकी करायची, तेवढीच तिला पाठ टेकायला मिळायची. ओच्यातली डबी मी कुणाला कधी मागितली नाही. तुझी पट्टी मात्र शोधली. काखेत कळसा आणि गावाला वळसा: तुझ्याच बॅगेच्या कप्प्यात, चष्म्याच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली. टाकून द्यायची असती तर टाकली असतीस. तुला टाकवली नाही, एवढं मला पुरेसं आहे.

तिरकी घालून दाबली, खट्कन बसली. सत्तावीसच्या सत्तावीस जबान्या आहेत.

जावयांची बढती त्याच मालकांच्या हातात आहे हे मला ठाऊक आहे. साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं होतं ना, तुमच्या बाईसाहेब रविवारी कुठे असतात? तू हे मला चहा पिता पिता हसत सांगितलंस. मीही हसले. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी सगळ्या जबान्या वाचल्या. प्रत्येकीला तू विचारलंयस, जाळी कुणी काढली? प्रत्येकीनं सांगितलंय, माहीत नाही, वरून हुकूम होता. साफ खोटं. सगळ्यांना माहीत आहे. काजवालीनं तर टॉर्च धरला होता. कुणीही नाव घेतलं नाही, आणि तूही जिला सगळ्यात आधी विचारायला हवं होतंस तिला कधी विचारलं नाहीस. तर न विचारता सांगते. शहाण्णव मशीनच्या जाळ्या मी काढल्या, या हातांनी. जाळीनं काम हळू होतं, असं सुपरवायझर म्हणाला. मशीन दुरुस्त करणारी बाई मी एकटीच होते, जागा जाईल म्हणून घाबरले. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मीही स्वतःला समजावलं होतं. आता नाही समजावत. तीन दिवस एका बोटानं टिपत अठ्ठाविसावी जबानी तुझ्याच लॅपटॉपवर लिहिली आहे, माझ्या पूर्ण नावानिशी. बुधवारी अकरा वाजता पहिली मी उभी राहणार. पुढे माझं काय करायचं ते करू देत. वरच्या पानावर सगळ्या जबान्या लिहून घेणारी म्हणून तुझं नाव आहे. ते तसंच ठेवलंय. काढायचं असेल तर बुधवारच्या आत ये आणि स्वतःच्या हातानं काढ. काढायचं काम मी आता कुणासाठीही करत नाही.

तुझीच,
आत्या