आमसुलाचं पाणी

पोलादपूर, १४ फेब्रुवारी १९७९

माननीय साहेबांस,

पेनिसिलिन शिल्लक असताना कुडपणच्या येसाजीला ते का दिलं नाही, असा आपला मेमो आला. खुलासा मी दोन ओळींत पाठवलाय. हे पत्र पाठवणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

येसाजीला डोलीतून उतरवलं तेव्हा न्यूमोनियानं त्याची छाती भात्यासारखी चालली होती. बायको धोंडूबाई सुईसाठी मागेच लागली. फॉर्मवरचा प्रश्न मी विचारला, "सुई कधी बाधली होती का?"

"नाय. मागल्या साली हीच घेतलीन, बरा झाला."

मग मी माझा प्रश्न विचारला. "सुईनंतर आमसुलाचं पाणी चोळलं होतं का?"

"चोळलं तर. अंगभर गांधी उठलेल्या. पण ते पित्त व्हतं, बाय."

आमच्याकडे गांधी उठल्या की पित्तच, आणि पित्तावर आमसुलाचं पाणी. औषध बाधलं असं कुणी म्हणत नाही. मी सिरिंज खाली ठेवली, चाचणीपुरतंही टोचलं नाही. या खेपेला पेनिसिलिन त्याच्या जिवावर बेतलं असतं. चिठ्ठी देऊन त्याला जीपनं महाडला धाडलं, तिथल्या डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन चालू केलं.

काल येसाजी स्वतःच्या पायांनी डोंगर उतरून आला. धोंडूबाईनं माझ्यासाठी आमसुलं पाठवली होती.

खुलाशात मी "नियमानुसार दिले नाही" असं लिहिलंय. पण साहेब, तो प्रश्न कुठल्याच नियमात नाही. तो माझा आहे.

नोकरीत आपल्या हाताखालची,
मंजुळा हाटे, नर्स